कळ दाबू नये

लिफ्टची आतली खोली एक मीटर चाळीस होती आणि रुंदी एक मीटर दहा. नळी पूर्ण पुढे सारली की थोरल्याचा ट्रॉम्बोन एक मीटर ऐंशी भरायचा. हे आकडे पक्कडने मंगळवारी जेवणाच्या टेबलावर मांडले आणि शनिवार उजाडेपर्यंत त्या घरात कोणीही कोणाशी सरळ बोललं नाही.

पक्कड म्हणजे थोरल्याची मुलगी. हातात आलेली वस्तू सोडत नाही म्हणून चौथ्या वर्षी तिला हे नाव पडलं. पुढे ती लिफ्ट बसवणारी मेकॅनिक झाली तेव्हा नाव ठेवणाऱ्या सगळ्यांनी त्याचं श्रेय घेतलं. सार्वजनिक वाचनालयाच्या सहा मजली इमारतीतली ही लिफ्ट तिने स्वतःच्या जबाबदारीवर उभी केलेली पहिली. जिन्याच्या मधोमध, तीन बाजूंना काच, वर हवेसाठी जाळी. उद्घाटन चार वाजता होतं. घरच्या बँडने आत उभं राहून तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत वाजवत जायचं, ही कल्पनाही तिचीच. ट्रॉम्बोन मोजायचं मात्र तिला उशिरा सुचलं.

“कोपऱ्यातून कोपऱ्यात किती भरतं?” थोरल्याने विचारलं. तालमीसाठी सगळे साडेदहालाच येऊन तळमजल्यावर उभे होते.

“एक अठ्ठ्याहत्तर.”

“म्हणजे दोन सेंटिमीटर कमी. दोन सेंटिमीटरसाठी मी अण्णांचं वाद्य टाकू?”

“टाकू नका. आजच्यापुरतं बाजूला ठेवा,” पक्कड म्हणाली.

“मी जिन्याने येतो.”

“वाजवत? सहा मजले?”

“अण्णा धावत्या ट्रकवर वाजवायचे.”

“ट्रक सपाटीवर धावत होता,” आत्या म्हणाली. आत्या म्हणजे अण्णांची मुलगी, दोघा भावांपेक्षा मोठी. शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली आणि बँडमध्ये खर्जाचा भलामोठा ट्यूबा वाजवणारी. बसायला खुर्ची नव्हती म्हणून ती एका काळ्या पेटीवर बसली होती. भांडण त्या पेटीवरूनच होतं.

पेटीत कळीचा ट्रॉम्बोन होता. सारायची नळी नाही. तिच्या जागी ट्रम्पेटला असतात तशा तीन कळा. कळ दाबली की आतली वाट लांबते आणि सूर खाली उतरतो. हात पुढे न्यावा लागत नाही. धाकट्याने तो अग्निशमन दलाच्या बँडमधून उसना आणला होता. धाकटा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो आणि घरच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो.

“दादा, एकदा तोंडाला लावून तर बघ.”

“चाळीस वर्षं मी लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करतोय,” थोरला म्हणाला. “जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे गळती आहे. दिवसभर तेच हातात धरायचं आणि संध्याकाळी तेच तोंडाला लावायचं?”

“आणि घसरगुंडीचं काय?” वहिनीने विचारलं. वहिनी, थोरल्याची बायको, बास ड्रम गळ्यात अडकवून उभी होती. हा प्रश्न तिने ड्रमलाच विचारला. “कळा दाबून घसरगुंडी होत नाही.”

आत्याने याला कळीचा मुद्दा म्हटलं आणि कोणीही हसलं नाही. अण्णांनी बसवलेल्या मार्चमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ट्रॉम्बोन वरच्या सुरावरून खालच्या सुरावर न तुटता घसरत यायचा. पहिल्या घरापासून सातव्या घरापर्यंत. घरं म्हणजे नळी थांबवायच्या सात जागा. हा अण्णांचा शब्द, म्हणून सगळ्यांचाच. लोक मार्च ऐकायला यायचेच घसरगुंडीसाठी. तिच्याशिवाय तो मार्च म्हणजे चार माणसांची रांग होती.

“तू कोणाच्या बाजूने आहेस?” धाकट्याने वहिनीला विचारलं.

“मी ड्रमच्या बाजूने आहे. कळलाव्या माणसांच्या बाजूने नाही.”

पक्कडचा फोन वाजला. छतावरच्या मशीनरूममधून मिस्त्री बोलत होता. ती बोलत बाहेर गेली आणि बाकीचे चौघे एकेक करून आत शिरले. ट्यूबा, ड्रम, पेटी आणि चार माणसं. थोरला मागच्या कोपऱ्यात तिरका उभा राहिला. ट्रॉम्बोनचं टोक समोरच्या कोपऱ्यातल्या स्टीलच्या पट्टीकडे रोखलेलं. त्या पट्टीवर मजल्यांचे आकडे होते, चावीचं भोक होतं आणि वर एक छापील कागद चिकटवलेला होता:

सूचना: पहिल्या फेरीत कोणीही कळ दाबू नये.

जगात सगळीकडे लिफ्टला बटण असतं. फक्त छापील सूचनांमध्ये कळ असते. पण या कुटुंबात कळ म्हणजे एकच वस्तू, आणि मंगळवारपासून तिच्यावरून भांडण चाललेलं.

“ताई, हे वाच,” धाकटा म्हणाला.

आत्याने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्म्यावरून. “पोरीने बापाची बाजू घेतली.”

“तीही लेखी.”

“लेखी कसली, छापून घेतलीय. मला वाटलं होतं निदान ती तरी निःपक्षपाती आहे.” आत्याच्या ट्यूबाला चार कळा होत्या. तिने चारही बोटं त्यांवरून उचलली आणि शालीत घातली.

थोरल्याने कागद वाचला आणि त्याला पोरीबद्दल भरून आलं. 

पक्कड आत आली, दार लावलं, चावी भोकात घातली. “सूचना वाचलीत ना सगळ्यांनी?”

“वाचली,” धाकटा म्हणाला.

“कोणी दाबणार नाही ना?”

“आम्ही कशाला दाबू,” आत्या म्हणाली. “आम्हाला इथे दाबू कोण देतंय?”

पक्कडला हे उत्तर जरा लांबलेलं वाटलं, पण बरोबर वाटलं. तिने चावी फिरवली. वहिनीने ड्रमवर चार ठोके दिले, लिफ्ट हलली आणि मार्च सुरू झाला. ड्रम सोडला तर थोरल्याचा एकट्याचा.

पहिल्या मजल्यापर्यंत त्याला ते आवडलं. दुसऱ्या मजल्यावर मार्चमध्ये भोकं आहेत असं त्याच्या लक्षात आलं. खोलवरचे सूर, जे तो गेली दीड वर्षं चौथ्या घरापाशी थांबून, ओठ सैल सोडून कसेबसे काढत होता, ते निघतच नव्हते. तिथे नुसती हवा होती. बँडच्या मध्ये उभं राहिलं की आपला सूर कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, हे फक्त हाडांना समजतं. आणि थोरल्याच्या हाडांनी दीड वर्ष सोयीचं तेवढंच ऐकलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर घसरगुंडी आली. ती चौथ्या घरापर्यंत घसरली आणि थांबली, पाट्या लावून काम अर्धवट सोडलेल्या रस्त्यासारखी. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने ट्यूबाकडे पाहिलं. मग थोरल्याने दात आवळले आणि नळी जोरात पुढे फेकली. पाचवं घर, सहावं घर. सहाव्यात खांद्यातून अशी कळ गेली की बोटं उघडली. नळी वाद्यातून सुटली, समोर गेली आणि चारच्या आकड्यावर आपटली.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

“मी सांगितलं होतं कळ दाबू नका,” पक्कड म्हणाली.

*

धाकट्याने ट्रम्पेट उंच धरून बोटं दाखवली. “मी एकही दाबलेली नाही. ताईने हात शालीत घातलेत.”

“कसल्या हातांबद्दल बोलताय? बटणं म्हणतेय मी. मागच्या वायरी अजून जोडल्या नाहीत. धक्का लागला की सगळं बंद पडतं.”

“मग बटण म्हण ना,” आत्या म्हणाली.

“कागद हेड ऑफिसने छापलाय, आत्या.”

“हेड ऑफिसला आमच्या घरातलं काय माहीत?”

पक्कडने मिस्त्रीला फोन लावला. मशीनरूमला बाहेरून कुलूप घालून तो जेवायला गेला होता. घर लांब होतं. येईपर्यंत पाऊण तास.

धाकटा काचेला टेकून उभा राहिला. चौथ्या मजल्याची जमीन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होती आणि तिथे बुटांचे सात जोड थांबले होते. त्यातला एक जोड वाकला आणि ग्रंथपालबाईंचा चेहरा जाळीपाशी आला.

“अडकलात का?”

“थोडे,” पक्कड म्हणाली. “धोका काही नाही.”

“नाही, ते दिसतंय. जरा हळू भांडाल का? इथे अभ्यासिका आहे.”

“आम्ही अजून भांडत नाही,” आत्याने कळवलं.

“मग सुरू कराल तेव्हा,” ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि गेल्या. बुटांचे सहा जोड थांबले.

थोरल्याने नळी उचलली, नजरेसमोर धरून वाकली नाही ना पाहिलं. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते एका नजरेत समजतं. मग तो शांतपणे म्हणाला, “खालचे सूर कुठे गेले?”

धाकट्याला हा प्रश्न दीड वर्षापासून माहीत होता. उत्तरही तयार होतं. फक्त ते लिफ्टमध्ये द्यावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोहण्याच्या तलावाच्या उद्घाटनाला त्याने पहिल्यांदा पाहिलं होतं की दादाचा हात चौथ्या घरापुढे जात नाही. घसरगुंडी अर्धवट पडणार, एवढ्यात त्याने ट्रम्पेटच्या कळा अर्ध्या दाबून, ओठ ओढून, एक लांबट ओशाळा सूर खाली आणला. वरच्या पट्टीतला, मांजर शिडीवरून उतरावं तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानेही वाकून नमस्कार केला. तेव्हापासून अकरा कार्यक्रम झाले.

“घसरगुंडी मी घेत होतो,” तो म्हणाला.

“तुझ्या ट्रम्पेटवर घसरगुंडी होत नाही.”

“चांगली होत नाही. होते.”

“आणि खालचे सूर मी,” आत्या म्हणाली. “ट्यूबाला काय, दोन जास्तीचे. कोणाच्या लक्षात येणार?”

“मला वाटलं फक्त मलाच माहीत आहे,” धाकटा तिला म्हणाला.

“मलाही तसंच वाटलं होतं. म्हटलं, हा मध्येच काय कुंईकुंई करतो?”

“म्हणजे तू हा डबा आणलास तो माझी जागा घ्यायला नाही,” थोरला म्हणाला.

“जागा घ्यायची असती तर गप्प बसलो असतो. तू सात घरांतली तीन घरं सोडलीस, दादा. पुढच्या वर्षी अजून एक सुटलं असतं. किती दिवस मी शिडीवरून मांजर उतरवू?”

*

वहिनी अजूनही ड्रमआड उभी होती. तिला ड्रम गळ्यातून काढायला जागा नव्हती आणि त्यामुळे ती कोणाच्याही दिशेने वळू शकत नव्हती. ती दिसायला तटस्थ होती, पण ते जागेअभावी.

ती शिवणकाम करते. गेल्या हिवाळ्याआधी तिने थोरल्याच्या बँडच्या कोटाचं माप घेतलं तेव्हा त्याने डावा हात वर केला आणि उजवा विसरल्यासारखा खालीच ठेवला.  तिने उजव्या काखेत आतून एक जास्तीची पट्टी घातली, म्हणजे हात थोडा उचलला तरी बाही बरीच उचलली जाते आणि लांबून पाहणाऱ्याला खांदा फिरतोय असं वाटतं. आणि त्या कोटापासून ती घसरगुंडीच्या जागी ड्रम दुप्पट जोरात वाजवत होती.

“अहो,” ती ड्रमवरून म्हणाली, “कोटाच्या बाहीबद्दल मला एक सांगायचंय.”

तिने सांगितलं. थोरल्याने काख चाचपली. पट्टी होती.

“तुलाही माहीत होतं. आणि सकाळी तू माझ्या बाजूने भांडलीस.”

“नवऱ्याची खोड घरात काढावी. लिफ्टसमोर कशाला?”

“पक्कड?”

“मला आज समजलं,” पक्कड म्हणाली. “पण मी फक्त आकडे मांडले होते. मला वाटलं लिफ्ट लहान आहे.”

थोरला खाली बघत होता. खाली बघायला पेटी आणि आत्याचे पाय एवढंच होतं. वहिनीला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो कोणत्या क्रमाने रागावणार हे पंचेचाळीस टक्के अंदाजाने आणि बाकी अनुभवाने तिला ठाऊक होतं. आधी धाकट्यावर, मग तिच्यावर, मग खांद्यावर.

“खांद्यात कळ येते,” थोरला म्हणाला. त्याने तिन्ही पायऱ्या सोडून दिल्या होत्या. “दीड वर्ष झालं. दवाखान्यात म्हणाले, हात एवढाच जाणार. मला वाटलं, कोणाला सांगितलं तर रांगेत दुसरा माणूस उभा करतील.”

“कोणाला करणार होतो?” आत्या म्हणाली. “आमच्याकडे माणसंच चार आहेत. खांद्यात कळ येते म्हणून वाद्याला कळ नको, असा भूगोल मी कोणत्याही इयत्तेत शिकवला नाही.”

वरच्या सहा जोड बुटांपैकी एकाचं हसू ऐकू आलं.

“ऊठ, ताई,” थोरला म्हणाला. “तू त्याच्यावर बसली आहेस.”

आत्या उठली, म्हणजे ती, ट्यूबा आणि धाकटा मिळून तिघे भिंतीला लागले. थोरल्याने पेटी उघडली. वाद्य तोंडाला लावण्याआधी त्याने तिन्ही कळा उघडून आत पाहिलं, बोट फिरवलं, वास घेतला.

“तेल कोण घालतं याला?”

“अग्निशमनवाले.”

“काम समजतं त्यांना,” थोरला म्हणाला. ही त्याच्याकडून मोठी गोष्ट होती. “बोल. पहिलं घर?”

“मोकळं. काही दाबायचं नाही.”

“दुसरं?”

“मधली. तिसऱ्याला पहिली. चौथ्याला पहिली आणि मधली.”

“सातवं?”

“तिन्ही.”

थोरल्याने तिन्ही कळा दाबल्या आणि फुंकलं. सूर आला. खोल, भरलेला, लिफ्टची काच थरथरवणारा. त्याचं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. त्याने तो सूर थांबवला आणि आपल्या कोपराकडे पाहिलं, मग पुन्हा तोच सूर काढला. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी ग्रंथपालबाईंचे बूट परत आले.

“आधी भांडत होता तेच बरं होतं,” त्या म्हणाल्या.

“माफ करा,” थोरला म्हणाला. “मी दीड वर्षाने इथे आलोय.”

ग्रंथपालबाईंना तो वाचनालयाबद्दल बोलतोय असं वाटलं. सदस्यत्वाचं नूतनीकरण तळमजल्यावर होतं, असं त्यांनी सांगितलं.

“आणि घसरगुंडी?” वहिनीने पुन्हा विचारलं. या वेळी ड्रमला नाही.

“याच्यावर होत नाही,” थोरला म्हणाला.

“मी घेतो,” धाकटा म्हणाला. “आता उघड घेतो.”

“नको. तुझी ती मांजर सहा मजले ऐकवायची नाही. तिथे मी एकच सूर धरीन. सरळ. ज्यांना घसरगुंडी हवी त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून यावं.”

*

चार वाजता वाचनालयाचे अध्यक्ष लिफ्टमध्ये सहावे होते. त्यांचं भाषण सहाव्या मजल्यावर होतं. तिथे खुर्च्या मांडल्या होत्या आणि भाषणाचे चार कागद त्यांनी छातीशी धरले होते, कारण हात खाली नेला असता तर तो ट्यूबाच्या तोंडात गेला असता.

पक्कड पट्टीशी उभी होती. सूचनेच्या कागदावर तिने पेनाने कळ खोडून बटण केलं होतं. मिस्त्री मशीनरूममध्ये होता, जेवून. तिच्या डोक्यात दुपारपासून एक हिशोब चालू होता. त्यात वाद्याची लांबी नव्हती. लिफ्टचा वेग सेकंदाला एक मीटर. सहा मजले, एकूण बावीस मीटर. ती बापाला काही बोलली नव्हती. बोलली असती तर त्याने नको म्हटलं असतं, अण्णांचा दाखला देऊन.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत वर निघाली. पहिल्या मजल्यावर लोक होते, दुसऱ्यावर जास्त, आणि प्रत्येक जिन्यावर मान वर करून लोक काचेच्या पेटीतल्या बँडबरोबर सरकत होते. थोरला एकदोनदा चुकला. दोन वेळा त्याचा उजवा हात सवयीने पुढे गेला आणि अख्खा ट्रॉम्बोन अध्यक्षांच्या कानाला लागला. अध्यक्षांना तो मार्चचाच भाग वाटला. पण खालचे सूर येत होते. आत्या फक्त स्वतःचे वाजवत होती आणि हलकं वाटतंय असा चेहरा करून उभी होती.

आवर्तनांच्या शेवटी थोरला सांगितल्याप्रमाणे एक सूर सरळ धरत गेला. टाळ्या पडल्या, पण त्या समंजस टाळ्या होत्या. म्हाताऱ्या वाचकांपैकी एकाने जिन्यावरून दुसऱ्याला विचारलंही, “घसरगुंडी काढून टाकली वाटतं?” काचेतून आवाज येत नव्हता, पण जाळीतून आला. बापाची मान किंचित खाली गेलेली पक्कडने पाहिली.

सहावा मजला आला. शेवटचं आवर्तन. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली, अध्यक्षांनी कागद सरळ केले. थोरल्याने शेवटचा सूर धरला. पक्कडने दार उघडलं नाही. चावी उलट फिरवली.

लिफ्ट खाली निघाली. थोरल्याचे डोळे मोठे झाले, पण सूर सुटला नाही. सहाव्या मजल्यावरच्या लोकांना तो पायांखाली जाताना ऐकू आला. पाचव्यावर तो वरून आला, समोरून गेला, खाली उतरला. चौथ्यावर अभ्यासिकेतली सगळी माणसं जिन्यावर आली होती. ट्रॉम्बोन घसरत नव्हता. ट्रॉम्बोन धरून माणूसच घसरत होता, बायको, भाऊ, बहीण, मुलगी आणि अध्यक्ष यांच्यासकट. जिन्यावरची गर्दी त्याच्या मागून धावत खाली येऊ लागली. तिसऱ्या मजल्यावर थोरला लाल झाला, दुसऱ्यावर जांभळा. धाकट्याने सवयीने ट्रम्पेट तोंडाला लावला. आत्याने त्याला कोपर मारलं. वहिनीने काठी हवेत धरून ठेवली आणि ड्रमला हात लावला नाही.

पहिल्या मजल्यावर सूर थरथरला. तळमजल्यावर लिफ्ट टेकली तेव्हा तो अजून होता, एखाद्या धाग्याएवढा, आणि मग संपला.

पक्कडने दार उघडलं.

“माझं भाषण वर आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“श्रोते खाली आलेत,” आत्या म्हणाली. ते खरं होतं. सहा मजल्यांची माणसं धापा टाकत तळमजल्यावर उभी होती आणि टाळ्या वाजवत होती.

थोरल्याला बोलता येत नव्हतं. त्याने हाताने पक्कडला विचारलं, किती?

“बावीस सेकंद.”

त्याने भिंतीला डोकं टेकलं, दोन श्वास घेतले, तिसरा जमवला.

“अण्णांची चार सेकंदांची होती,” तो म्हणाला.